शेवटचा चेंडू आणि थकबाकी

हिंदी सिनेमात बेसबॉलची बॅट वारंवार दिसते. बेसबॉलचा बॉल मात्र कधी दिसत नाही. ही बॅट बहुधा खलनायकाच्या माणसांकडे असते. तिने ते मोटारींच्या काचा फोडतात, दुकानदाराच्या बरण्या फोडतात आणि उरलासुरला वेळ नायकाच्या मित्राच्या पाठीवर घालवतात. पूर्वी हे खाते हॉकीच्या काठीकडे होते. हॉकीत आपण मागे पडलो तशी ती काठी पडद्यावरूनही मागे हटली आणि तिच्या जागी ही अमेरिकन बॅट आली. यामागे सरकारचे बदललेले आयात धोरण असावे. (मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला कशातही आयात धोरण दिसते.) सांगायचा मुद्दा असा, की बेसबॉल हा मैदानावर, चेंडूने, आणि शक्यतो कोणाचेही डोके न फोडता खेळायचा खेळ आहे, ही गोष्ट आमच्या वर्धा जिल्ह्यात फारशी पसरलेली नाही.

माझ्यापर्यंत ती पोचली भाच्यामुळे. हा भाचा न्यू जर्सीला असतो. दोन-तीन वर्षांनी एकदा तो वर्ध्याला येतो, बाटलीतले पाणी पितो आणि आम्हाला सुधारून परत जातो. गेल्या खेपेला त्याने बेसबॉलचा एक सिनेमा आणला होता. "मामा, हा पाहून तिकडे मोठमोठे बापे रडतात," तो म्हणाला. मोठ्या माणसांना रडताना पाहायला मला फुकटात बँकेत मिळते; तरी पाहुण्याचा मान म्हणून आम्ही उभयता बसलो.

सिनेमाचे नाव 'फील्ड ऑफ ड्रीम्स'. १९८९ चा. डब्ल्यू. पी. किन्सेला यांच्या १९८२ मधल्या 'शूलेस जो' या कादंबरीवरून काढलेला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एक शेतकरी असतो. त्याला मक्याच्या शेतात एक आवाज ऐकू येतो आणि त्या आवाजावर भरवसा ठेवून तो उभे पीक मोडतो, तिथे बेसबॉलचे मैदान तयार करतो. इथपर्यंत आल्यावर आमच्या सौभाग्यवती सरसावून बसल्या. त्यांचे माहेर आर्वीकडचे, कापूस-तुरीचे. त्यांनी भाच्याला विचारले, "पीकविमा काढला होता का रे त्यानं?"

भाच्याने सिनेमा थांबवून समजावले, की हे प्रतीकात्मक आहे. सौ. म्हणाल्या, "हो, पण हप्ता भरला होता का?"

पुढे त्या मैदानावर जुने मेलेले खेळाडू खेळायला येतात. १९१९ साली शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाने पैसे खाऊन अजिंक्यपदाचे सामने हरवल्याचे प्रकरण झाले होते आणि आठ खेळाडूंना जन्माची बंदी झाली होती. त्यातलेच हे. शेवटी त्या शेतकऱ्याचा वारलेला बाप, ऐन तारुण्यातला, मैदानावर येतो. बापलेकांचे जिवंतपणी कधी पटलेले नसते, ते संध्याकाळच्या उजेडात एकमेकांकडे चेंडू टाकतात, झेलतात. बस्स, एवढेच. आणि खरे सांगतो, इथे माझ्याही घशात काहीतरी आले. भाचा विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहत होता, म्हणून मी खोकलो.

मग त्याने मला त्यातले मर्म सांगितले. तिकडच्या कथा-कादंबऱ्यांत आणि सिनेमांत बेसबॉल म्हणजे घर. बाप, बालपण, गावाकडची हिरवळ आणि हातून निसटलेले सगळे काही. त्या खेळाची रचनाच तशी. फलंदाज जिथून निघाला त्याच जागी फिरून परत आला, की धाव पूर्ण. आणि त्या जागेला म्हणतात 'होम'. मला हे पटले. क्रिकेटमध्ये कोणी घरी परतत नाही. दोघे समोरासमोरून जीव घेऊन धावतात आणि एकमेकांच्या जागी जाऊन उभे राहतात. ही शुद्ध बदली आहे. आमच्या बँकेत दर मे महिन्यात हेच चालते, फक्त टाळ्या वाजत नाहीत.

पण त्या सिनेमातली एक गोष्ट भाच्याच्या नजरेतून सुटली होती. मैदानावर बाप-लेक, भुते, आठवणी असा सगळा मंगल सोहळा चाललेला असताना कडेला त्या शेतकऱ्याचा मेहुणा उभा असतो. हप्ते थकलेले आहेत, शेत वीक, नाहीतर जाईल, असे तो परोपरीने सांगत असतो. प्रेक्षकांना तो मेहुणा नकोसा होतो. मला मात्र त्या संबंध चित्रपटात तो एकटाच ओळखीचा वाटला. त्याने खाते नीट वाचले होते.

आता आपल्याकडे या. आपल्या गोष्टींत क्रिकेट म्हणजे काय?

घर तर नव्हेच. आमच्या पिढीतल्या कुठल्याही मराठी बापाने मुलाशी संध्याकाळच्या उजेडात चेंडू झेलल्याची नोंद निदान आमच्या आळीत नाही. क्रिकेट आणि बाप यांचा संबंध एका वाक्यापुरता होता: "अभ्यास झाला का?" दुसरे वाक्य बॅटला उद्देशून असे. ती बंबात जाणार होती. आमच्या आळीतल्या निम्म्या बॅटी कपडे धुण्याच्या मोगऱ्या होत्या, त्यामुळे त्या बंबात गेल्या तर दुसऱ्या दिवशी आईचाही खेळ बंद पडे. म्हणून तेवढ्या वाचल्या. 'चिंटू' ही चित्रमालिका १९९१ पासून वर्तमानपत्रात येऊ लागली आणि घरोघर वाचली गेली, त्याचे कारण हेच. त्यात क्रिकेट होते आणि चेंडू शेजाऱ्यांकडे गेल्यानंतरची मुख्य समस्याही होती. मराठी मध्यमवर्गीय क्रिकेटचा नव्वद टक्के वेळ चेंडू परत मागण्यात जातो. आपल्या मुलांना वाटाघाटी करता येतात त्या यामुळे.

सिनेमात क्रिकेट आले ते आधी प्रेम करायला. १९५९ च्या 'लव्ह मॅरेज'मध्ये देव आनंद क्रिकेटपटू होता. देव आनंद काहीही झाला तरी प्रेमच करणार, हे गृहीत होते. त्यामुळे त्याने धावा किती काढल्या हे कोणी विचारले नाही. १९८३ साली आपण विश्वचषक जिंकला आणि निर्मात्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. १९८४ मध्ये कुमार गौरवचा 'ऑल राउंडर' आला. १९८५ मध्ये 'कभी अजनबी थे' आला, त्यात साक्षात संदीप पाटील आणि सय्यद किरमाणी होते. एक उत्तम षटकार मारणारा, दुसरा उत्तम यष्टिरक्षक. पण तिकीट खिडकीवर चेंडू कोणी टाकलाच नाही. १९९० मध्ये देव आनंद यांनी 'अव्वल नंबर' काढला. त्यात सामना आहे आणि मैदान बाँबने उडवण्याचा कटही आहे. नुसत्या क्रिकेटवर प्रेक्षक बसणार नाही, त्याच्या खुर्चीखाली काहीतरी ठेवले पाहिजे, इतका धंद्याचा विश्वास उडाला होता.

आपल्याकडे सिनेमा आणि क्रिकेट ही दोन्ही दैवते एकाच देव्हाऱ्यात आहेत. शिरीष कणेकरांनी एका मंचावर 'माझी फिल्लमबाजी' सांगितली आणि दुसऱ्यावर 'फटकेबाजी' केली, आणि श्रोते तेच. २०२३ साली ते गेले तेव्हा दोन्ही पंथांच्या लोकांनी एकच सुतक पाळले. तरीही ही दोन दैवते एका पडद्यावर आली की प्रसाद नासायचा. तो पहिल्यांदा नीट जमला २००१ च्या जूनमध्ये, 'लगान'मध्ये. आणि जमवला आशुतोष गोवारीकर या मराठी माणसाने.

त्या वर्षी मी बी.कॉम. झालो. पदवी ताजी होती, म्हणून तीन तास चव्वेचाळीस मिनिटांचा तो सिनेमा मी हिशेबतपासनिसाच्या नजरेने पाहिला, आणि माझे मत असे झाले की 'लगान' हा क्रिकेटचा सिनेमा नसून थकबाकीचा आहे. साल १८९३. पाऊस नाही. गावावर दुप्पट सारा लादलेला. कॅप्टन रसेल नावाचा गोरा अधिकारी पैज लावतो: जिंकलात तर तीन वर्षांचा सारा माफ, हरलात तर तिप्पट भरा. म्हणजे एका बाजूला तीन वर्षांची सूट, दुसऱ्या बाजूला दोनशे टक्के दंडव्याज, आणि तारण म्हणून संबंध गाव. असा प्रस्ताव आमच्या कोणत्याही शाखेत मंजूर होणार नाही. पण भुवन सही करतो, कारण त्याच्याकडे दुसरा प्रस्ताव नसतो. कर्जदार बहुतेक वेळा याच कारणाने सही करतात, हे मला पुढे नोकरीत कळले.

याआधी वर्षभर, म्हणजे २००० साली, खरे क्रिकेट मॅच-फिक्सिंगच्या प्रकरणात पार काळवंडले होते. हान्सी क्रोनिएसारख्या कप्तानाने पैसे घेतल्याचे कबूल केले होते. लोकांनी टीव्ही बंद केले नाहीत, पण आवाज कमी केला. आणि गंमत पाहा, 'लगान'मध्येही एक फिक्सर आहे. लाखा. तो रात्री जाऊन साहेबाला मिळतो आणि सोपे झेल सोडतो. उघडकीस आल्यावर गाव त्याला मारायला धावते, भुवन मात्र त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळवतो. आमच्या खात्यात असता तर आधी निलंबन, मग आरोपपत्र, मग विभागीय चौकशी, आणि निकाल लागेपर्यंत लाखा निवृत्त. आयोवाच्या शेतकऱ्याने बदनाम खेळाडूंना मेल्यावर मैदान दिले. आपल्या भुवनने बदनाम खेळाडूला रात्र उलटताच दिले. खऱ्या मैदानावर खेळ मळला की त्याची धुलाई दोन्ही देशांत सिनेमावालेच करतात, हे यावरून दिसते.

पण गाव अडते ते लाखाच्या आधी, कचऱ्यापाशी. कचरा अस्पृश्य. हात अधू, आणि त्या अधू हातातून चेंडू वळतो. भुवन त्याला संघात घेतो म्हटल्यावर बाकीचे पोटतिडकीने म्हणतात, मग आम्ही नाही खेळत. साहेबाशी लढायला निघालेले लोक! ही गोष्ट लेखकाने हवेतून आणली असे ज्यांना वाटते त्यांनी पाळवणकर बाळू यांची हकीकत वाचावी. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकत असे. पुढे तो हिंदूंच्या संघातून खेळला, तेव्हा मैदानावर चेंडू सगळ्यांनी हाताळला, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्याला मिळाले नाही. ते १९२३ मध्ये मिळाले त्याच्या भावाला, विठ्ठलला. चेंडू कोणाच्याही हातून वळतो, माणसांचे मन वळायला मात्र बारा वर्षे लागली.

संघात कोणाला घ्यायचे हा प्रश्न आमच्या वर्ध्यालाही एकदा येऊन गेला आहे. मुंबईत तेव्हा हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'बाकीचे' अशा पाच संघांची पंचरंगी स्पर्धा जोरात चाले. १९४० च्या डिसेंबरात तिथल्या हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ गाडीत बसून वर्ध्याला आले, ते गांधीजींना विचारायला, की बापू, यंदा खेळावे की नाही? आता बापू म्हणजे आत्मकथेत स्पष्ट लिहून मोकळे झालेले, की शाळेत सक्ती होईपर्यंत क्रिकेटला मी हात लावला नाही. सल्ला मागायला यापेक्षा निःपक्षपाती माणूस सापडणे कठीण. त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे, की देशातली माणसे तुरुंगात जात असताना हा तमाशा नको. आणि खेळात धर्मावार संघ तर मुळीच नकोत. मुंबईच्या मंडळींनी ऐकले, मान हलवली, आणि स्पर्धा पुढे काही वर्षे चालूच राहिली. बंद पडली ती १९४६ मध्ये. वर्ध्याचा सल्ला मुंबईला उशिरा पोचतो, हा अनुभव आम्हाला अजून येतो.

एकूण, आपल्या गोष्टींत क्रिकेटला दोन कामे नेमून दिलेली आहेत. एक, अकरा माणसे गोळा करताना गाव कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते हे दाखवायचे. दुसरे, थकबाकी मिटवायची. 'इक्बाल' (२००५) घ्या. श्रेयस तळपदेने केलेला तो मुका-बहिरा मुलगा म्हशींना क्रिकेटपटूंची नावे देतो आणि वेगवान गोलंदाज होतो. पण मागे बापाचे शेत आणि कर्ज उभेच. 'सैराट' (२०१६) सुरू होतो तोच गावातल्या क्रिकेट सामन्याने. त्यातली मायकवरची कॉमेंट्री ऐकून आपण हसत असतो, परशाचा संघ जिंकतो, आणि आपल्याला वाटते याचे सगळे ठीक होणार. मैदानावर त्याचे ठीकच चालते. तो मैदान ओलांडून पाटलाच्या वाड्याकडे जातो तिथून पुढे धावफलक नसतो. नागराज मंजुळ्यांनी नंतर नागपुरात येऊन 'झुंड' (२०२२) केला. त्यात फुटबॉल आहे, पण झोपडपट्टी आणि कॉलेजचे मैदान यांच्यामधली भिंत पाहिली की तो खेळही आपलाच वाटतो.

आता मी स्वतः ज्या खेळात आहे तिकडे वळतो.

२००८ सालची गोष्ट. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत दोन बातम्या नऊ दिवसांच्या अंतराने आल्या. २० तारखेला आयपीएलच्या खेळाडूंचा लिलाव झाला. 'लिलाव' हा शब्द तोपर्यंत आमच्या जिल्ह्यात शेतजमीन, ट्रॅक्टर आणि बाजार समितीतला कापूस यांच्यापुरता होता. माणसाचा लिलाव होतो आणि तो माणूस हसत हसत फोटो काढून घेतो, हे आमच्या खातेदारांनी पहिल्यांदाच पाहिले. धोनी पंधरा लाख डॉलरला गेला. आमचे शिपाईभाऊ दिवसभर डॉलरचे रुपये करत होते. शून्ये वाढली की पुन्हा सुरुवातीपासून. मग २९ फेब्रुवारीला, म्हणजे चार वर्षांतून एकदाच उगवणाऱ्या तारखेला, केंद्राच्या अंदाजपत्रकात शेतकऱ्यांची साठ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली.

माझी नोकरी तेव्हा नवी होती. याद्या करायचे काम नव्या माणसाकडे येते, तसे ते माझ्याकडे आले. नियम सोपा होता. दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल त्याचे थकीत पीककर्ज संपूर्ण माफ. दोन हेक्टरच्या वर असेल त्याला थोडी सूट, तीही उरलेली रक्कम त्याने आधी भरली तर. दोन हेक्टर म्हणजे पाच एकराला किंचित कमी. पश्चिमेकडे ओलिताखाली पाच एकर असणारा माणूस जीप ठेवतो. आमच्याकडे कोरडवाहू सात एकरवाला सायकलला हवा भरायची की चहा प्यायचा याचा विचार करतो. पण हेक्टरला हे कळत नाही. तो दिल्लीत जेवढा तेवढाच देवळीत.

याद्या आम्ही शाखेबाहेरच्या फलकावर लावल्या. त्या दिवशी फलकापुढे जी गर्दी झाली तशी मी नंतर फक्त दहावीच्या निकालाला पाहिली. लोक बोट लावून नावे वाचत होते. त्यात आमचे एक जुने खातेदार होते. सगळी शाखा त्यांना काकाजी म्हणे. पांढरी टोपी, धोतर, आणि पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरलेले. त्यांची जमीन सव्वासहा एकर. नाव यादीत नव्हते. त्यांनी यादी तीनदा वाचली. नंतर काउंटरवर आले आणि माझ्यासमोर बसले. बराच वेळ गप्प. मग अचानक म्हणाले, "सायेब, काल टीवीवर लगान होता. पोट्ट्यायसंग पाह्यला म्या."

मला बरे वाटले. विषय सिनेमाचा निघाला होता. मी म्हटले, "हो का? कसा वाटला, काकाजी?"

"चांगला हाये. पन एक इचारू? थो गोरा सायेब शेवटी कॅच घेते न?"

"हो, घेतो."

"पन घेता घेता लाइनच्या भाईर जाते."

"बरोबर. म्हणून तर सिक्सर."

"म्हंजे थो लाइनच्या भाईर गेला म्हून आख्खं गाव सुटलं." काकाजींनी फलकाकडे मान वळवली. "आन मी लाइनच्या भाईर गेलो म्हून अटकलो."

कॉमर्सच्या कोणत्याही पुस्तकात याचे उत्तर नाही. मी शिपाईभाऊंना पाणी आणायला सांगितले. काकाजी पाणी प्यायले, टोपी सारखी केली आणि जाता जाता, रागाने नव्हे, खरोखरच जाणून घ्यायचे म्हणून विचारून गेले, "ही लाइन कोनं आखली, सायेब? त्यायनं आमचं वावर पाह्यलं होतं का?"

त्या वर्षी काकाजींनी बैलजोडी विकली आणि खाते सरळ केले. पुढे २०१७ साली राज्याची कर्जमाफी आली, ती जमिनीवर नव्हती, थकीत रकमेवर होती, दीड लाखापर्यंत. तोवर काकाजी नियमित फेडणारे झाले होते. नियमितांना प्रोत्साहन म्हणून फार तर पंचवीस हजार. म्हणजे पहिल्या खेपेला जमीन जास्त भरली आणि दुसऱ्या खेपेला थकबाकी कमी भरली. काकाजी हसून म्हणाले, "बाप्पा, मी ज्या बाजूले उभा राह्यतो त्या बाजूले बॉलच येत नाई."

तेव्हापासून 'लगान' टीव्हीवर लागला, आणि तो वर्षातून अनेकदा लागतोच, की मी शेवटची दहा मिनिटे पाहतो. आणि आता माझी नजर भुवनवर नसते, पंचावर असते. पुन्हा लागेल तेव्हा तुम्हीही पाहा. अखेरच्या षटकात कचरा समोर, एक चेंडू, धावा पाच हव्यात. कचरा कशीबशी एक धाव काढतो. खेळ संपला असे सगळ्यांना वाटते. आणि पंच हात आडवा करतो: नो-बॉल. हा पंच गोरा आहे. गोलंदाज गोरा, कप्तान गोरा, सारा वसूल करणारे सरकार त्याचेच. त्याने हात खिशात ठेवला असता तर त्या माळावर त्याला कोण जाब विचारणार होते? पण रेषेच्या पुढे पाऊल पडले ते पडले. मग भुवन फटका मारतो, रसेल झेल घेतो, उड्या मारतो. आणि पंच त्याच्या पायाखालची रेषा पाहून दोन्ही हात वर करतो.

मला वाटते, आपल्याकडचे लोक हे पाहायला जातात. षटकार गल्लीतही पाहायला मिळतो. पण रेषा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, भर उन्हात, चुन्याने आखलेली आहे. सामना सुरू होण्याआधी आखलेली आहे. आणि ती साहेबाला नि कचऱ्याला एकच आहे, हे दृश्य काकाजींनी आयुष्यात आणखी कुठे पाहिले असेल? अमेरिकेतला माणूस मैदानावर बाप शोधायला जातो. आपला माणूस पंच शोधायला जातो. बाप आपल्याकडे घरी असतोच, आणि अभ्यास झाला का विचारत असतो.

सिनेमात निकाल लागल्यावर पाऊसही येतो. तीन दिवसांचा सामना पुरा होईपर्यंत ढग शिस्तीत थांबलेले असतात. आमच्या जिल्ह्यातला पाऊस असता तर पहिल्याच दिवशी चहापानाला आला असता, सामना अनिर्णित, आणि सारा पुढच्या वर्षावर, व्याजासह. शेती हा असा खेळ आहे की त्यात शेवटचा चेंडू नसतो. मृगाला नवा डाव, आणि मागच्या डावातली तूट पुढे ओढलेली. म्हणून तर ज्या गोष्टीत शेवटचा चेंडू असतो ती माणूस पुन्हा पुन्हा पाहतो.

असो. फार गंभीर झाले. वर्ध्याच्या माणसाने क्रिकेटबद्दल अभिमानाचेही थोडे बोलले पाहिजे. नागपूरचे नवे स्टेडियम जामठ्याला, म्हणजे वर्धा रोडवर आहे. २००८ च्याच नोव्हेंबरात सौरव गांगुली आपली शेवटची कसोटी तिथे खेळला. मैदान त्यांचे, पण रोडला नाव आमचे. आम्ही तेवढ्यावर खूश आहोत. ज्या विदर्भाला रणजीत कोणी मोजत नव्हते त्याने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा करंडक जिंकला. खापरखेड्याकडचा उमेश यादव, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, २०११ मध्ये कसोटी खेळला. यावर अजून सिनेमा निघालेला नाही. निघालाच तर त्यात कर्ज घालावे लागणार नाही. ते आधीच असेल.

आता आमच्या शाखेमागच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी पोट्टे खेळतात. बँकेच्या भिंतीवर कोळशाने तीन स्टंप काढलेले आहेत. मॅनेजरसाहेब दर तिमाहीला ते पुसायला लावतात आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उगवतात. आमच्या वसुलीच्या आकड्यांत एवढे सातत्य असते तर साहेबांची बढती झाली असती. गल्लीचा कायदा तुम्हाला ठाऊक आहेच. ज्याची बॅट तो पहिला, आणि तो पहिल्यांदा आउट झाला तर ती 'ट्रायल'. परवा मी घरी निघालो असताना भांडण पेटले होते. एकाने हाक मारली, "ओ काका! तुमी सांगा. तुमी बँकेत हाये, तुमाले हिशोब येते."

मी पिशवी खाली ठेवली आणि पंच म्हणून उभा राहिलो. तिसऱ्याच चेंडूला बॅटवाल्याचा स्वच्छ झेल उडाला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. सगळ्यांत जास्त तो पाहत होता, कारण बॅट त्याची होती, आणि तो मॅनेजरसाहेबांचा मुलगा होता, हे मला तेवढ्यात आठवले. मी बोट वर केले.

त्याने एक अक्षर न बोलता बॅट काखेत मारली आणि तो घरी गेला. पोट्टे क्षणभर गप्प. मग एकजण पळत जाऊन पडक्या कुंपणाची एक फळी घेऊन आला. आधी दोघांनी ती वाजवून पाहिली, एकाने तिच्यातला खिळा दगडाने वाकवला. "काका, जाऊ नका बे," दुसरा म्हणाला आणि लगेच जीभ चावून दुरुस्त केले, "म्हंजे, जाऊ नका जी. पुढचा बॅट्समन कोन, थे सांगा."

मी सर्वांत मागे उभ्या असलेल्या, अजून एकदाही फळी हातात न आलेल्या पोराकडे बोट केले. साहेबांकडे काय सांगायचे ते उद्या पाहू म्हटले. उजेड अजून होता.